ताराबायचा गेलेला घसा

गुडघेदुखीवाल्या फिजिओथेरपिस्टचं एक बरं असतं. तिचे किस्से जेवणाच्या टेबलावर चालतात. माझे चालत नाहीत. खोकलं, शिंकलं, हसलं किंवा पोराला कडेवर उचललं की ज्या बायकांना लघवीचे चार थेंब सुटतात, त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम शिकवते. पनवेल आणि आजूबाजूला स्कूटरवरून हिंडत सोळा वर्षं हेच करतेय. संध्याकाळी घरी येऊन "आज ना एक गंमत झाली" म्हटलं की आमचे हे घास हातात थांबवून विचारतात, "जेवण झाल्यावर सांगितलीस तर चालेल का?" आणि जेवण झालं की झोपतात.

त्यामुळे किस्से साचत गेलेत. पोतंभर झालेत म्हणा ना! त्यातले बरेचसे एकाच ओटीवर घडलेले आहेत, उरण रस्त्याच्या एका गावात, ताराबायच्या घरी. पेशंटचं नाव मी कधी कुणाला सांगत नाही. ताराबायचं सांगते, कारण तिनेच बजावलंय, "माजा नाव घेशील त बोल, नायतर बोलू नको."

*

खरं तर मला बोलावलं होतं तिच्या सुनेने, प्रतीक्षाने. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला हा त्रास सुरू झाला होता. घरात तिने थाप मारली होती की कंबरेच्या मॅडम येणार आहेत. आता कंबरेच्या मॅडम म्हटल्यावर सासू उठून कशाला जाईल? ताराबाय समोरच बसून सुकट निवडत होती. साठीला टेकलेली, खणखणीत बाई.

मी प्रतीक्षाला उभं केलं आणि म्हटलं, "जोरात खोकून दाखव." ती खोकली. तेवढ्यात तिकडे सुकटीची धूळ नाकात जाऊन ताराबायला शिंक आली. ती शिंक तिने पदर तोंडाशी दाबून, मान खाली घालून, डोळे लाल होईपर्यंत गिळली. मग मांडीवर मांडी घट्ट टाकून जरा थांबली आणि भिंतीच्या कडेकडेने आत निघून गेली.

ही चाल मी सोळा वर्षं बघतेय. मी हळूच विचारलं, "सासूबाई शिंकत नाहीत का गं?"

"आई? मी लग्न होऊन आल्यापासून कधीच नाही," प्रतीक्षा म्हणाली. "आम्हाला वाटायचं, देवाचं काहीतरी असेल."

*

आता ताराबाय म्हणजे कोण, तर गावाची धवलारीण. इकडच्या आगरी लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, लागतात. ती देवांना नावं घेऊन मांडवात बोलावते, मग सोयऱ्यांना बोलावते, तेव्हा कुठे लग्न लागतं. पूर्वी मे महिन्यात ताराबायला श्वास घ्यायला फुरसत नसे. पण दोन वर्षांपासून तिने सगळ्यांना नकार द्यायला सुरुवात केली होती. कारण एकच. घसा गेला.

दुसऱ्या व्हिजिटला मी ओटीवर बसले होते. तिच्या मुलाचे, महेशचे, न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालतात. त्यातला एक ड्रायव्हर अंगणात ट्रेलर मागे घेताना शेवग्याच्या झाडावर चालला होता. ताराबाय स्वयंपाकघरातून ओरडली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. रस्त्यावरून चाललेल्या रिक्षानेसुद्धा ब्रेक मारला.

मी म्हटलं, "मावशी, या घशाला काय झालंय?"

ती शांतपणे म्हणाली, "लग्नात जातो."

*

मग एका दुपारी, प्रतीक्षा बाळाला झोपवायला आत गेल्यावर, ताराबाय बोलली. दोन वर्षांमागे एका हळदीत भर मांडवात गाताना तिला सुटलं होतं. धवला काही गुणगुणत गात नाहीत, पोटातून आवाज काढावा लागतो. नवं लुगडं, समोर शंभर बायका. ती गात राहिली, थांबली नाही. पण विधी संपल्यावर पाटावरून उठली नाही. पाय बधिर झाले म्हणाली. सगळे जेवायला गेले, पंगती उठल्या, मांडव झाडायला लोक आले, तरी ती बसूनच होती.

"त्या दिसापासून घसा गेला," ती म्हणाली.

तिच्या मुलीची मुलगी, रसिका, हिचं लग्न चार महिन्यांवर होतं. नातीच्या लग्नात आजी गाणार नाही हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. कुणीतरी पेनड्राइव्ह आणला होता. त्यात धवले रेकॉर्ड केलेले. वर स्टिकर, 'धवले फुल एचडी'. रसिकाला तो ऐकवला तेव्हा ती नुसती रडली म्हणे. ताराबाय मला विचारत होती ते इतकंच, "चार म्हयन्यात जमल काय?"

मी म्हटलं, तीन महिने रोज केलंत तर बहुतेक बायकांना फरक पडतो. शंभर टक्के मी सांगत नाही. नाहीच पडला तर मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांचे दुसरे उपाय आहेत. आधी लघवी तपासून घेऊ, जंतू नाहीत ना ते बघू.

ती म्हणाली, "मोप बोललीस. आता शिकव."

*

शिकवणं सोपं नसतं हो. हा स्नायू दिसत नाही, दाखवता येत नाही. 'लघवी अडवताना आणि वारा अडवताना जे आवळतो, ते एकदम आवळून वर ओढायचं,' असं आम्ही सांगतो. ताराबायने सांगितल्याबरोबर आवळलं. मुठी आवळल्या, दात आवळले, खांदे कानाला लागले. श्वास बंद.

"मावशी, श्वास घ्या. पोट सोडा, मांड्या सोडा, कपाळ सोडा."

"सगलाच सोडला त धरू काय?"

दोन व्हिजिट यातच गेल्या. तिसऱ्या खेपेला टॉवेलची गुंडाळी करून तिला त्यावर बसवलं आणि म्हटलं, या टॉवेलला खालून वर उचलायचंय. ती डोळे मिटून बसली. जरा वेळाने तिचा चेहराच बदलला. म्हणाली, "ह्यो त मना म्हाईत हाय."

लहानपणी ती आईबरोबर मिठागरात जायची. डोक्यावर मिठाची पाटी, पायाखाली चिखल, बांध वीतभर रुंद. पाय सरकला तर पाटी गेली. मान हलवायची नाही, हात सोडायचे नाहीत, चेहराही ताठ करायचा नाही. फक्त आतून, अगदी खालून, स्वतःला वर धरायचं. "चाललीस नाय त्याच्यावर, त तुला कसा कलंल," ती म्हणाली. मी हात लावून पाहिलं. बरोबर तोच स्नायू, तोच ताण! माझ्या पुस्तकांत इतकं सोपं कुणीच लिहिलेलं नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगते, डोक्यावर मिठाची पाटी आहे समजा. खारघरला बाविसाव्या मजल्यावर एक बँकेतल्या मॅडम आहेत. त्यांनी डोळे मिटले, नीट बसल्या आणि विचारलं, "आयोडाइज्ड की साधं?"

*

तिसऱ्या आठवड्यात प्रतीक्षाचा फोन आला. तोवर सासू-सुनेने एकमेकींना सगळं सांगून टाकलं होतं. तिला स्वतःला बरं होतं, पण आईंना जास्तच सुटायला लागलंय, आणि खाली जड वाटतं म्हणतात.

मी धावतच गेले. व्यायाम चुकतोय म्हणावं तर स्नायू बरोबर पकडत होती. मी म्हटलं, आठ सेकंद धरायला सांगितलं होतं, धरून दाखवा. तिने धरलं. मी मोबाइलवर वेळ लावली. आठ झाले, पंधरा झाले, पंचवीस झाले. ही आपली डोळे मिटून बसलेली, ओठ जरासे हलतायत. अडतिसाव्या सेकंदाला तिने सोडलं आणि घाम पुसला.

"मावशी, हे आठ सेकंद?"

"मना घड्यालातला कलत नाय. मी धवल्याची एक ओल बोलतंय मनात. ओल सपली का सोडतंय."

"अहो, मग ओळ अर्धी सोडा!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मांडवात चपला घालून शिरले. "देवाला बोलवायला घेतला आनि उंबऱ्यातून परत लावू काय त्याला?"

अडतीस सेकंदांचं एक, असे दहा, दिवसातून तीन वेळा! पैलवान थकला असता. स्नायू इतका दमला की उलट जास्त सुटायला लागलं. चूक माझीच. घड्याळ न वापरणाऱ्या बाईला मी सेकंद देऊन आले होते.

मग आम्ही दोघींनी बसून तोड काढली. पूर्ण ओळ नको, एकेका देवाचं नाव घ्यायचं, सावकाश, मान देऊन. गावदेवी, एकवीरा, खंडोबा, वेताळ, मारुती. मोजून पाहिलं, एका देवाला बरोबर सात-आठ सेकंद लागत होते. दहा देव, दहा वेळा. पण जितका वेळ धरायचं, तितकाच वेळ सैलही सोडायचं असतं. मी विचारलं, "सोडताना काय म्हणाल?"

"सोयऱ्यांची नावां हायत ना," ती म्हणाली. "देवांना धरायचा, सोयऱ्यांना सोडायचा. मी जल्मभर तोच करत आली."

*

सासू-सून मग एकत्रच व्यायाम करू लागल्या. सकाळी दहाला कामं आवरली की दोघी ओटीवर समोरासमोर ताठ बसायच्या. एकीचेही ओठ धड उघडायचे नाहीत, एक भिंतीकडे बघणार, दुसरी दाराकडे.

शेजारच्या शालनने हे चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी गावभर झालं की ताराबाय आणि तिची सून बोलत नाहीत. सहाव्या दिवशी बातमी न्हावा शेवाच्या गेटवर पोचली. महेश ट्रेलरची लाइन सोडून मोटारसायकलवर घरी आला. बघतो तर खरंच, आई एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, दोघी दगडासारख्या.

"आये, काय जाला?" उत्तर नाही.

"प्रतीक्षा, तू तरी बोल." उत्तर नाही.

तो घाबरला. म्हणाला, वेगळं राहायचंय का, मी वरचा मजला बांधतो, पण असं करू नका. त्याचा आवाज रडवेला झाला होता. प्रतीक्षाने हात वर करून त्याला थांबवलं, पाच-सात सेकंद तशीच बसली, मग मोठा श्वास सोडून म्हणाली, "थांबा ओ. दोन देव राहिलेत."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर लावत होते तेव्हा शालन कुंपणापाशी आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "मॅडम, ता भांडन मना पन शिकवा."

*

सातव्या आठवड्यात आम्ही पहिली रंगीत तालीम केली. खोकताना आधी आवळून घ्यायचं हे ताराबायला जमलं होतं. दळणाचा डबा उचलताना जमलं होतं. आता गाऊन बघायचं होतं. पॅड लावून ती उभी राहिली. दारं-खिडक्या बंद. महेशला शेवगा बघायला बाहेर पाठवलं.

तिने पहिला सूर लावला आणि माझ्या हातावर काटा आला. तोपर्यंत मी तिचा ओरडा ऐकला होता, आवाज ऐकला नव्हता. दुसऱ्या ओळीला सूर वर चढला आणि ती मधेच थांबली. आत गेली, आली, पॅड कागदात गुंडाळून माझ्यासमोर ठेवला. ओला.

"लावा तो पेनड्राइव," ती म्हणाली आणि पाठ फिरवून बसली.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? तिचा आला, माझाही आला. नातीच्या लग्नाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून मी घाई केली होती. व्यायाम सगळे बसून केलेले, आणि उभं राहून गायला लावलं! वर ती सूर चढवताना पोट खाली ढकलत होती, हे मी पाहूनही बोलले नव्हते. मी तिला तसं सांगितलं. माझं चुकलं म्हटलं. आणि हेही म्हटलं, "सात आठवड्यांत पाठ फिरवायची होती तर पहिल्याच दिवशी सांगायचं. मी माझ्या दुपारी अशा वाया घालवत नाही."

प्रतीक्षाने चहा आणला, तो निवून गेला. मग पाठ तशीच ठेवून ताराबायने विचारलं, "उभ्यान करताना पाय किती लांब ठेवायचं?"

पुढचे पाच आठवडे आम्ही सगळं उभ्याने केलं. सूर लावायच्या आधी आतून वर धरायचं, मग आवाज सोडायचा, श्वास घेताना सैल. प्रतीक्षा भांडी घासता घासता सासूला ओरडायची, "आई, आधी धरा, मग गा!" तिचं स्वतःचं तोवर पूर्ण थांबलं होतं आणि ती माझ्यापेक्षा कडक मास्तरीण झाली होती.

बाराव्या आठवड्यात ताराबाय अर्धा तास उभी राहून गायली. मग आत गेली. आम्ही दोघी बाहेर, दहावीच्या निकालाला बसल्यासारख्या. ती बाहेर आली ती पॅड हातात धरूनच. कोरडा ठणठणीत. मला दाखवला, प्रतीक्षाला दाखवला, आणि महेश अंगणात आला होता, त्यालाही दाखवायला निघाली. प्रतीक्षाने कसंबसं धरून ठेवलं.

सोळा वर्षांत माझ्या हातून बऱ्याच जणी बऱ्या झाल्या. पण त्या दिवशी स्कूटर चालवताना मी एकटीच हसत होते, आणि पळस्पे फाट्याच्या सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्याने विचारलं, "मॅडम, लॉटरी लागली का?" मी हो म्हटलं.

*

रसिकाचं लग्न दुपारचं होतं. मला पत्रिका होती, मानाचं बोलावणं होतं. मी निळी साडी नेसून बायकांच्या बाजूला, शालनच्या शेजारी बसले. साउंडवाला पेनड्राइव्ह घेऊन तयारच होता. ताराबाय आली, त्याच्याकडे न बघता त्याचा माइक उचलला आणि उभी राहिली.

दीड तास! मी घड्याळ बघत होते, मांडवातल्या बाकी कुणी बघितलं नसेल. देव आले, सोयरे आले. वर चढणाऱ्या प्रत्येक सुराला मी, प्रतीक्षा आणि शालन, तिघी जागच्या जागी ताठ होत होतो. जणू आम्हीच धरून ठेवलं होतं. तिला आमची गरज नव्हती. तिने एकदाही ओळ अर्धी सोडली नाही. रसिका मुंडावळ्यांतून आजीकडे बघत होती आणि या खेपेला रडत नव्हती, हसत होती.

शेवटी धवलारणीला मान द्यायला नवरदेवाची आई पुढे आली. हातात ताट, ताटात लुगडं, नारळ, ओटी. दांडगी, रुबाबदार बाई. दोन वर्षांमागे तिच्या मुलीच्या लग्नाला ताराबायने नकार दिला होता, आणि ते ती विसरली नव्हती. ताट हातात तसंच ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "असा आवाज हाय, मग माज्या पोरीच्या लग्नाला का आली नाय, ईनबाय? आमचा मांडव ल्हान पडला?"

ताराबायच्या हातात माइक तसाच चालू होता.

"मांडव ल्हान नव्हता," ती म्हणाली. "गाताना माजा मूत सुटायचा."

साउंडवाल्याने धडपडत बटण शोधलं, पण त्याला ते सापडेना. पुरुषमंडळी मांडवाचं छत बघू लागली. महेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ताराबाय आपली सावकाश, धवला सांगावा तशी सांगत होती, "दोन वर्सां घरात बसली मी. म्हातारपन नाय तो, आतला मांस ढिला पडतो. रोज वर ओढायचा, तीन-चार म्हयने. मी केला, सुनंनी केला. ती बगा, निली साडी, चष्मा. तिनं शिकवला."

दोनशे माना माझ्याकडे वळल्या. लाजेने की अभिमानाने ठाऊक नाही, पण माझे डोळे भरून आले आणि मला समोरचं काही दिसेना. शालनने माझा हात घट्ट धरला होता. मग वाजंत्री सुरू झाली, लोक नवरा-नवरीकडे वळले, आणि मी संधी साधून मांडवाच्या मागच्या बाजूने हळूच बाहेर सटकले.

माझी स्कूटर आंब्याखाली लावलेली होती. तिच्याभोवती सात बायका उभ्या होत्या. एक आरशात कुंकू बघत होती, एक नंबरप्लेट वाचत होती, कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांत पुढे नवरदेवाची आई होती, मानाचं ताट तसंच हातात.